नळी वर, डोकं खाली

पावसाळा आला की आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक नवीन वनस्पती उगवते. बाईकच्या सीटखालून निघून हँडलपर्यंत चढलेली राखाडी पीव्हीसीची नळी, दोन एल्बो, सांध्यांवर एमसीलचे लपके, आणि वरच्या टोकाला उलटा यू. हार्डवेअरच्या दुकानातला पाच-सहाशे रुपयांचा माल. मालकाला विचारावं, तर छाती फुगवून उत्तर येतं, "स्नॉर्कल आहे! आता कंबरेएवढ्या पाण्यातून काढतो गाडी."

मंडळी, माझा या नळीला विरोध आहे. 'कंपनीने दिलंय तसंच ठेवावं' म्हणणाऱ्या काकांसारखा नाही हं! गाडी उघडून बसणं हा माझाही रविवारचा धर्म आहे. विरोध आहे तो या कंबरेएवढ्या पाण्याला.

आधी नळीची बाजू मांडतो, नाहीतर म्हणाल याला काही कळत नाही. इंजिन हवा पितं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जुनी 411 सीसीची हिमालयन घ्या. कॉम्प्रेशन रेशो 9.5 म्हणजे पिस्टन वर टेकतो तेव्हा डोक्यात जागा उरते साधारण 48 सीसी, एका कटिंगपेक्षाही कमी. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टन वर जाऊ शकत नाही, पण क्रँक तर फिरतच असतो. मग मध्ये बिचारा कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. तेव्हा हवा जिथून घेतो ते तोंड वर न्यायचं, ही कल्पना अजिबात चुकीची नाही.

पण निम्म्या लोकांची नळी ही नुसती शोभेची असते. एअरबॉक्सच्या तळाला पाणी निथळायचं भोक असतं, झाकणाची फट असते. ती तशीच ठेवून वर दोन फूट पाइप चढवायचा म्हणजे दार उघडं टाकून धुराड्याला कुलूप! परीक्षा सोपी आहे. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि नळीचं वरचं तोंड तळहाताने घट्ट बंद करा. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. आरामात धडधडत राहिलं तर ते दुसरीकडून हवा घेतंय, आणि उद्या तिथूनच पाणी घेणार. पार्किंगमधल्या चार नळ्यांवर मी हा प्रयोग केला. तीन गाड्या मजेत चालू राहिल्या. मालकांचे चेहरे बघण्यासारखे होते. असो.

आता समजा तुमची नळी चौथ्या गाडीसारखी आहे, शंभर टक्के पास. कार्बुरेटरवाल्या गाडीच्या खाली लोंबणाऱ्या व्हेंटच्या नळ्याही तुम्ही वर आणल्यात, प्लगच्या टोपीला ग्रीस लावलंत. आणि इथेच माझं खरं भांडण सुरू होतं.

साधं गणित करू. फरशी पुलावरून पाणी सेकंदाला 2 मीटरने वाहतंय, म्हणजे ताशी 7 किलोमीटर. ऐकायला किती गरीब वाटतं ना? आडव्या गाडीचा आणि तुमच्या पायांचा मिळून 0.6 चौरस मीटर भाग त्या प्रवाहात आहे असं धरा. दाब येतो साधारण 120 किलो वजनाइतका, तोही बाजूने. गाडी 200 किलो, तुम्ही 75. त्यातून पाण्याने उचललेले 60 वजा करा. उरले 215. शेवाळलेल्या काँक्रीटवर टायरची पकड त्याच्या 30 टक्के धरली (आणि ही उदारता आहे), तर तुम्हाला जागेवर धरून ठेवणारं बळ भरतं 65 किलो. 120 विरुद्ध 65. यात नळी कुठे आली सांगा? पाण्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हे तर अजून धरलंच नाही. इंजिन मात्र छान चालू राहील, वाहून जाताना सुद्धा.

म्हणजे एवढा उद्योग करून आपण नेमकं काय केलं? जी गाडी गुडघाभर पाण्यात "बास, पुढे नको" म्हणत बंद पडायची, तिचं तोंड बंद केलं. आपल्या धंद्यात एक्सेप्शन गिळून टाकणारा रिकामा कॅच ब्लॉक लिहिणाऱ्याला आपण रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. आणि तोच मनुष्य शनिवारी ताम्हिणीकडे निघताना इंजिनाला हेच करतो!

"पण शहरात तर पाणी वाहत नसतं," असं एक जण म्हणाला. बरोबर, तुंबलेलं असतं. पण खाली काय आहे ते दिसतं का? 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या रस्त्यावरून पायी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये गेले आणि आपण ते हळहळत वाचलं. दुचाकीचं पुढचं चाक त्याच भोकात जायला नळी आडवी येत नाही.

दुसरा म्हणाला, "लडाखला नाले लागतात, तिथे काय करायचं?" तिथले लोक काय करतात ते करायचं. बर्फ दिवसभर उन्हाने वितळतं, त्यामुळे नाला दुपारनंतर चढतो आणि पहाटे उतरलेला असतो. म्हणून जाणते ड्रायव्हर सकाळी लवकर निघतात. आपला सह्याद्री तर याहून सोपा. ओढ्याचं पाणलोट लहान, उतार तीव्र. पाणी चढतं धाडकन, पण पाऊस थांबला की काही तासांत उतरतंही. गावातला म्हातारा "थांबा दोन तास" म्हणतो तेव्हा तो तुम्हाला घाबरट ठरवत नसतो हो, त्याच्याकडे त्या ओढ्याचा पन्नास वर्षांचा लॉग आहे. पण आपल्याला सोमवारची मीटिंग दिसत असते.

आणि एवढं सगळं ऐकूनही गाडी पाण्यात बुडवलीतच, तर निदान स्टार्टरचं बटण दाबत बसू नका. रॉड बऱ्याचदा त्या हौसेनेच वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, मगच क्रँक फिरवून आतलं पाणी उडवा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय चालू करू नका. आणि हो, ती नळी परत लावायच्या आधी तळहाताची परीक्षा घ्या.