नाकपुड्यांची हालचाल

नाक मुरडणे, नाकपुड्या फेंदारणे हे शब्दप्रयोग आपण स्वभावाविषयी बोलताना वापरतो. पण त्यांमागे खरोखरीचे स्नायू आहेत. भुवयांच्या मधोमध नाकाच्या मुळाशी आडवी आठी पाडणारा एक. हसताना नाकाचा शेंडा किंचित खाली ओढणारा दुसरा. दुर्गंध येताच वरचा ओठ आणि नाकपुडी एकदम उचलणारा तिसरा. त्याचे लॅटिन नाव मात्र त्याच्याहून लांब आहे!

श्वासासाठी महत्त्वाचे ते नाकपुडी फुलवणारे स्नायू. कागदी नळीने सरबत जोरात ओढले, की नळी चपटी होते. श्वास घेताना मऊ नाकपुड्याही तशाच आत ओढल्या जाऊ पाहतात. श्वास सुरू होण्याच्या क्षणभर आधीच हे स्नायू ताठ होतात आणि वाट खुली राहते.

वयपरत्वे नाकातील कूर्चा सैलावते, शेंडा झुकतो, आणि सर्दी नसतानाही नाक चोंदल्यासारखे वाटते. पुष्कळ ज्येष्ठ मग नाक मोकळे करणारे थेंब महिनोन्‌महिने घालत राहतात. हे थेंब काही दिवसांपलीकडे वापरल्यास आतली सूज उलट वाढते. त्याऐवजी नाकालगतच्या गालावर बोट ठेवून त्वचा हळूच कानाच्या दिशेने ओढून पाहावी. श्वास लगेच मोकळा झाला, तर अडचण बहुधा नाकाच्या तोंडाशीच आहे; कान-नाक-घसातज्ज्ञांना तसे आवर्जून सांगावे.

या साऱ्या स्नायूंना चेहऱ्याचीच नस चालवते. म्हणून चेहऱ्याच्या अर्धांगात त्या बाजूची नाकपुडीही मिटू लागते. चेहरा अकस्मात वाकडा झाला, तर घरी उपचार करीत बसू नये; तो मेंदूचा झटका असू शकतो.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक खूण. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला ‘दम लागतोय’ असे सांगता येतेच असे नाही. ती स्वस्थ पडलेली असताना प्रत्येक श्वासागणिक नाकपुड्या फुलत असतील, तर श्वासासाठी तिला कष्ट पडत आहेत असे समजावे. मानेच्या तळाशी खळगा पडतो का, ओठ निळसर दिसतात का, हे पाहावे. यांतील काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. ती येईपर्यंत उशांच्या आधाराने रुग्णाला बसते करावे.