खोक्यावरचं नाव

अवधपुरीत माझ्या मामांची पिठाची गिरणी आहे. इकडे सगळे तिला चक्कीच म्हणतात, आम्हीसुद्धा. गेल्या पावसाळ्यात तिचं एक बेअरिंग बदललं. खोकं झकास होतं. वर एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं नाव, चमकणारं स्टिकर, आणि भाव मात्र नेहमीपेक्षा बराच कमी. तीन आठवड्यांत बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटून उडाला आणि दळण घ्यायला उभ्या असलेल्या एका काकूंच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. काकूंना काही झालं नाही. पण त्यांचं दळण त्या दिवसापासून दुसऱ्या चक्कीवर जातं.

बाबा भेलमधून निवृत्त झालेत. आमच्या गल्लीत भेलची माणसं इतकी, की कूलरचा पंखा कुरकुरला तरी चार जण पाने घेऊन येतात. बाबांनी ते काळं पडलेलं बेअरिंग बोटांवर फिरवलं, कानाशी नेलं, मग चष्मा वर करून त्यावरची अक्षरं पाहिली. "हे अस्सल नाही. ठसा बघा किती उथळ आहे." मामा म्हणाले, "पण भाऊजी, खोक्यावर तर इंपोर्टेड लिहिलंय." बाबा म्हणाले, "मग कुठल्यातरी कस्टम्सवाल्याच्या डोळ्यांदेखत आलं असेल."

ते खरंच बाहेरून आलं, की इथेच कुठल्या शेडमध्ये ठोकलं गेलं, हे आता कोण सांगणार? दुकानदार तर "बिल दाखवा" म्हणून मोकळा झाला, आणि बिल मामांनी घेतलंच नव्हतं. पण बाबांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, व्यापारी कायद्याचा पेपर आहे, तेव्हा म्हटलं जरा वाचून तरी बघू. खोटं नाव लावलेला माल बंदरावर येतो तेव्हा कस्टम्स नक्की काय करतं?

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो माझाही होता. कस्टम्स म्हणजे समुद्र, म्हणजे मुंबई, म्हणजे आपला भोपाळवाल्यांचा काय संबंध, असं मला वाटायचं. पण न्हावा-शेव्याला उतरलेला सीलबंद कंटेनर न उघडता रेल्वेने आतल्या डेपोपर्यंत येऊ शकतो आणि त्याची कागदपत्रं, तपासणी, शुल्क हे सगळं तिथे होऊ शकतं. असा डेपो आपल्या शेजारी मंडीदीपला आहे. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने देशाची एक वेस अवधपुरीहून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथून रोज जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही हे माहीत नव्हतं.

आता नियम. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम ११ सरकारला काही मालाच्या आयातीवर बंदी घालण्याचा अधिकार देतं आणि त्या कारणांमध्ये ट्रेडमार्क, कॉपीराइट यांचं रक्षणही आहे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा करार आला, आणि त्यात सीमेवर नकली माल अडवण्याची सोय प्रत्येक देशाने करावी असं ठरलं. आपल्याकडे त्याचे सविस्तर नियम ८ मे २००७ रोजी निघाले. ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन आणि भौगोलिक मानांकन, म्हणजे ज्याला आपण जीआय म्हणतो, हे सगळे हक्क त्यात येतात.

पद्धत अशी. ज्याच्या मालकीचा हक्क आहे त्याने कस्टम्सकडे अर्ज करायचा. फी दोन हजार रुपये. आपला माल कसा दिसतो, नकली कसा ओळखायचा, हे त्याने अधिकाऱ्यांना समजावून द्यायचं. वर बॉण्ड आणि हमीची रक्कम, कारण उद्या अडवलेला माल खरा निघाला तर आयातदाराची नुकसानभरपाई कोण देणार? साठवणुकीचा खर्च त्याचा, माल नष्ट करायचा झाला तर तोही खर्च त्याचाच. अर्ज आल्यापासून तीस कामाच्या दिवसांत नोंदणी होते किंवा नाकारली जाते. पुढे संशयास्पद खेप आली की अधिकारी ती थांबवतात आणि हक्कदाराला कळवतात. त्याने दहा कामाच्या दिवसांत हजर व्हायचं. माल नकली ठरला तर तो नष्ट होतो किंवा बाजारात येणार नाही अशा रीतीने त्याची विल्हेवाट लागते. नुसता परत पाठवून दिला, असं चालत नाही, कारण मग तोच कंटेनर दुसऱ्या बंदरावर उभा राहील. दुबईच्या मावशीने पर्स आणली तर मात्र घाबरू नका. स्वतःच्या वापरासाठी सामानातून आणलेल्या वस्तूंना हे नियम लागू नाहीत.

कॉपीराइटचा एक स्वतंत्र रस्ताही आहे आणि त्याची गोष्ट आपल्या मंडळातल्या गाणंवेड्यांना आवडेल. कॅसेटचा जमाना. एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीला कळलं, की सिंगापूरहून आलेल्या कॅसेटची एक खेप कलकत्ता बंदरात पडून आहे आणि ती पुढे नेपाळला जाणार आहे. कंपनीचं म्हणणं, यातल्या बऱ्याचशा आमच्या गाण्यांच्या चोरट्या प्रती आहेत. त्या वेळच्या कलम ५३ प्रमाणे अर्ज कॉपीराइटच्या रजिस्ट्रारकडे करायचा होता. अर्ज केला. तिकडून काही हालचाल होईना, आणि खेप तर कधीही निघून गेली असती. म्हणून कंपनी कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. आयातदाराचा युक्तिवाद मोठा हुशार होता. आम्ही भारतात आयात करतच नाही, आमचा माल भारतातून नुसता जातोय, नेपाळला समुद्र नाही त्याला आम्ही काय करणार! खंडपीठाला हे पटलंही. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल फिरवला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी 'आयात' शब्दाचा अर्थ साधा ठेवला: बाहेरून भारतात आणणं. पुढे तो माल कुठे जाणार याचा इथे संबंध नाही.

मला या गोष्टीत निकालापेक्षा त्याआधीची धावपळ लक्षात राहिली. खेप आल्याची खबर काढायला कंपनीची माणसं होती, अर्ज लिहायला वकील होते, कोर्टाची पायरी चढायला पैसा होता. २०१२ मध्ये कलम ५३ बदललं. आता मालक थेट कस्टम्स आयुक्तांना कळवू शकतो. पण माल अडवल्यापासून चौदा दिवसांत कोर्टाचा आदेश आणायचा, नाहीतर माल सुटतो. चौदा दिवसांत कोर्टाचा आदेश! एखाद्या छोट्या मराठी प्रकाशकाला हे जमेल का, तुम्हीच विचार करा. (आपल्या मराठी पुस्तकांच्या चोरट्या आवृत्त्या इथेच छापल्या जातात आणि पीडीएफला तर कुठली वेस आडवी येत नाही, हे खरं. कस्टम्सला त्यात काही करता येत नाही.)

याच नियमांची दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. अडवण्याचा अधिकार फार सैल झाला तर काय होतं तेही आपण पाहिलंय. तामिळनाडूतल्या एकाला २००८ मध्ये एकाहून अधिक सिम कार्डं चालणाऱ्या फोनचं पेटंट मिळालं. त्याने ते कस्टम्सकडे नोंदवलं आणि दोन सिमवाल्या फोनच्या खेपा अडू लागल्या. २०१२ मध्ये ते पेटंटच रद्द झालं. ठसा खोटा आहे की खरा, हे माझे बाबा चष्मा वर करून सांगू शकतात, अधिकारीही सांगू शकेल. पण फोनच्या आतलं तंत्र कुणाच्या पेटंटमध्ये बसतं, हे गोदामात उभं राहून कसं सांगणार? २०१८ मध्ये सरकारने या नियमांतून पेटंट काढून टाकलं. मला ते योग्यच वाटतं.

तसंच, माल अस्सल आहे पण कंपनीने नेमलेल्या विक्रेत्याऐवजी दुसऱ्याने परदेशातून स्वस्तात आणलाय, तर? कंपन्यांना तोही अडवून हवा असतो. सॅमसंगच्या प्रिंटरांच्या खटल्यात २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अशी आयात ट्रेडमार्कच्या कायद्याने रोखता येत नाही असं म्हटलं. आपली स्वस्त 'इंडियन एडिशन' पाठ्यपुस्तकं आठवा, ज्यांच्या पहिल्या पानावर ती कुठल्या देशांत विकावीत ते छापलेलं असतं. अशीच आशियातली स्वस्त पुस्तकं थायलंडहून मागवून अमेरिकेत विकणाऱ्या एका विद्यार्थ्यावर प्रकाशकाने खटला भरला होता आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. तेव्हा कंपनी 'अडवा' म्हणाली की कस्टम्सने लगेच अडवावं, असं माझं अजिबात म्हणणं नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. या सगळ्या व्यवस्थेत दार ठोठावण्याचा हक्क फक्त मालकाला आहे. अधिकाऱ्याला स्वतःहूनही खेप थांबवता येते, नियमांत तशी तरतूद आहे. पण मग पाच दिवसांत मालकाने पुढे येऊन अर्ज आणि बॉण्ड दिला नाही, आणि बाकी कागद ठीक असले, तर माल सोडून द्यावा लागतो. म्हणजे समजा मंडीदीपच्या एखाद्या तल्लख अधिकाऱ्याला तो उथळ ठसा दिसला, त्याने खेप अडवली आणि त्या परदेशी कंपनीला चार खोकी बेअरिंगसाठी वकील पाठवणं परवडेना, तर सहाव्या दिवशी ती खोकी बाजाराकडे निघणार. पट्टा ज्यांच्या कानाजवळून गेला त्या काकू यात कुठेच नाहीत. मामाही नाहीत.

आणि जे खरे बनवणारे, ते तरी कुठे आहेत? कोल्हापुरी चपलेचं उदाहरण ताजं आहे. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, केवढा गदारोळ झाला. ते प्रकरण कस्टम्सचं नव्हतं, चपला तिकडे होत्या. पण त्यावर काही वकिलांनी जनहित याचिका केली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती फेटाळली. कारण? या चपलेचे मालक तुम्ही नाही, नोंदणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, आणि नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. चामडं शिवणाऱ्या माणसाच्या नावावर नाही. उद्या कोल्हापुरी नावाने रेक्झिनच्या चपलांचा कंटेनर आला, तर कस्टम्सचं दार ठोठावायला महामंडळानेच जायला हवं. कोर्टाचं कायद्याने चुकलं असं मी म्हणत नाही. पण मग ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनी झोपून चालणार नाही ना!

आईची एक माहेश्वरी साडी आहे, आजीची. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, ही गोष्ट आमच्याकडे साडीची घडी मोडताना दर वेळी सांगितली जाते. महेश्वरलाही जीआय आहे, चंदेरीलाही. २००७ च्या नियमांत हक्कदाराने अधिकार दिलेली संघटनासुद्धा अर्ज करू शकते. म्हणजे विणकरांच्या संघाला रस्ता मोकळा आहे. दोन हजारांची फी जमेल, बॉण्ड आणि वकील जमणार नाही. तेवढा भार राज्य सरकारने उचलावा. जीआयचा दाखला मिळाला की मंत्र्यांच्या हस्ते सत्कार होतो, फोटो येतो. त्याच दिवशी कस्टम्सच्या नोंदणीचा अर्ज का भरू नये?

दुसरी गोष्ट काकूंसाठी. सरकारला मालकाची वाट न बघता माल अडवता येतो, हे खेळण्यांनी दाखवून दिलंय. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली, मग खोक्यावर कुठल्याही ब्रँडचं नाव असो. तिथे प्रश्न 'नाव कुणाचं' असा नाही, 'मुलाला इजा होईल का' असा आहे. मग जे फिरतं, तापतं, पेटतं किंवा पोटात जातं, अशा कुठल्याही मालावर नकली असल्याचा संशय आला, तर पाचव्या दिवशी मालक आला नाही म्हणून तो सोडू नये. आधी तपासणी करा, मग सोडा. आयातदार ओरडतील, दिवसाचं भाडं चढतं म्हणून. ओरडू देत. खरा निघाला तर भाडं सरकारने द्यावं, पट्ट्याच्या माराहून ते स्वस्तच पडेल.

मामांनी आता नवं बेअरिंग बसवलंय, या वेळी पूर्ण भावाचं आणि बिलासकट. जुनं बाबांनी फेकू दिलं नाही. ते त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, खोक्यासकट. घरी कुणी आलं की ते बाहेर निघतं, पाहुण्याच्या हातात दिलं जातं, आणि बाबा विचारतात, "सांगा बघू, यातलं खोटं काय ते?" अजून एकालाही ओळखता आलेलं नाही.