नजर खाली म्हणजे कॉन्फिडन्स कमी?

आपल्या घरांत मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवायला शिकवतात. तीच सवय हायटेक सिटीतल्या मुलाखतीत आडवी येते. मागच्या वर्षी माझंच झालं. उत्तरं बरोबर होती, पण शेरा मिळाला, 'कॉन्फिडन्स कमी वाटतो.' अहो, मी तर समोरच्यांना मान देत होते!

२००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी एक प्रयोग केला. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भागच दिसला, तरी हा माणूस विश्वासू आहे की नाही हे बघणारे ठरवून मोकळे होत. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नसे, त्याबद्दलची खात्री तेवढी वाढे. म्हणजे पहिल्या नजरेचा प्रभाव खराच. पण तो न्याय्य आहे का? अमीरपेटच्या क्लासमध्ये फी भरून ताठ बसणं शिकता येतं. मग मार्क कशाचे, कामाचे की फीचे?

तेलंगण सरकारने २०२२ मध्ये ग्रुप-१ आणि ग्रुप-२ पदांच्या मुलाखतीच काढून टाकल्या. कंपन्या तसं करणार नाहीत, आणि सगळीकडे करूही नये. शिकवायचं किंवा विकायचं काम असेल तर माणूस बोलतो कसा हे बघायलाच हवं. पण सगळ्यांना तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्यावेत, एवढं तर जमेल ना?

तोवर मंडळाच्या बैठकीनंतर आपणच एकमेकांच्या मुलाखती घेऊ या. डोळ्यांत बघवत नसेल तर समोरच्याच्या भुवयांच्या मधे बघा. मला तरी ते जमतंय.