माशी चमकते, पण समोर कोण आहे ते दिसतं का?



परवा शेजारच्या गावचा एक दोस्त चहाला आला. मोबाईलवर फोटो दाखवला. पिस्तुलाच्या माशीवर हिरवा ठिपका, मागच्या खाचेवर दोन केशरी ठिपके, अंधारात काजव्यासारखे चमकणारे. म्हणाला, "दादा, तुमच्याकडं परवान्याचं हत्यार आहे. यातलं कुठलं घेऊ सांगा. रात्रीचं पाणी धरायला जायचं म्हणजे जीव मुठीत असतो."

त्याच्या मळ्यात महिन्यात दोनदा बिबट्या दिसलाय. गोठ्यातलं कालवड गेलं. त्याची भीती खोटी नाही, म्हणून हसण्यावारी नेलं नाही. पण त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण हाच प्रश्न मला या हंगामात तिघाचौघांनी विचारलाय. माझं मत सरळ आहे. आधी चांगली बॅटरी घ्या. चमकणाऱ्या माशीचा विचार त्यानंतर. आणि बिबट्यासाठी म्हणून तर पिस्तूल नकोच.

हे मी शहाणपणानं नाही, चटका बसल्यावर बोलतोय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. लाईट रात्री बाराला आली, उसाला दारं धरत होतो. माझ्याकडं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर आहे, स्वसंरक्षणाच्या परवान्यावर. त्याच्या माशीवर मी हौसेनं अंधारात चमकणारा रंग लावला होता, ज्याला आपण रेडियम म्हणतो तो. दोनच्या सुमारास उसाची पानं सळसळली. बॅटरी बांधावर ठेवलेली. मी हत्यार काढलं आणि आवाजाकडं धरलं. हिरवा ठिपका काय सुंदर दिसत होता! ठिपक्याच्या मागं नुसता काळोख, त्यात काहीतरी हलतंय. बोट चापाशेजारी गेलं होतं.

तेवढ्यात खोकल्याचा आवाज आला. "दादा, मी हाय वो. एक फेज गेलीय, मोटर बंद पडलीय, तेच सांगाया आलो." आमचा सालगडी. मोबाईलची चार्जिंग संपली म्हणून अंधारातच आला होता.

मी बांधावर खाली बसलो. त्याला काही कळलं नाही, मीही त्या रात्री सांगितलं नाही. आठ दिवसांनी सांगितलं, माफी मागितली. रंग दुसऱ्या दिवशीच पुसून टाकला.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली. चमकणारी माशी तुमचं हत्यार कुठं रोखलंय ते दाखवते. समोर कोण आहे ते दाखवत नाही. ते दाखवायला उजेडच लागतो. आणि उजेड पाडला की साधी काळी माशीसुद्धा उजळलेल्या जमिनीवर ठसठशीत उठून दिसते. मग चमकणाऱ्या माशीचा उपयोग उरतो कधी? समोरचं ओळखू येतंय, पण हातातली माशी दिसत नाही, अशा वेळी. म्हणजे दिवेलागणीला, पहाटे झुंजूमुंजू होताना किंवा अंगणातल्या दिव्याच्या कडेला. एवढाच तिचा काळ. भर अंधारात ती नुसता खोटा धीर देते.

आता ज्यांच्याकडं रीतसर परवाना आहे आणि माशी बदलायचीच आहे, त्यांच्यासाठी माहिती.

पहिला प्रकार रंगाचा. उजेड पिऊन मग चमकतो, हळूहळू मंद होतो. संध्याकाळी उजेड दाखवलात तर रात्री दोनला त्यात फार काही उरत नाही. स्वस्त आहे, पण भरवशाचा नाही.

दुसरा फायबरचा. रंगीत काडी असते, आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाला चमकते. दिवसा आणि सांजेला झकास. काळोखात उजेडच नाही, तर ती चमकणार कशानं?

तिसरा ट्रिटियमचा. हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी प्रकार वायूच्या रूपात बारीक काचेच्या नळीत बंद केलेला असतो, नळीला आतून लेप असतो, तो सतत चमकतो. बॅटरी नको, उजेड दाखवायला नको. पण ट्रिटियम साधारण १२.३ वर्षांत निम्मा होतो, म्हणजे चमकही निम्म्यावर येते. घेताना तयार केल्याचं साल विचारा. दहा वर्षं दुकानात पडून राहिलेली माशी नवी म्हणून गळ्यात पडू शकते. काच शाबूत असेल तर त्या किरणांची भीती नाही, ती काचेबाहेर येत नाहीत. फोडून बघायचा उद्योग मात्र करू नका.

चौथा लाल ठिपक्याची काच. बॅटरीवर चालते, नजर एकाच जागी ठेवायची, म्हणून चाळिशी लागलेल्यांना सोपी जाते. पण आपल्याकडचं दव, चिखल, खिशातली माती त्या काचेवर बसली की ठिपका दिसेनासा होतो. आणि ती बसवायला हत्याराला तशी जागा लागते.

निवडताना तीन गोष्टी बघा. एक, पुढची माशी मागच्या ठिपक्यांपेक्षा जास्त उजळ हवी. तिन्ही ठिपके सारखे असले तर घाईत पुढचा ठिपका चुकून बाजूला धरला जातो आणि नेम फिरतो. दोन, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला हिरवा उजेड चांगला दिसतो, म्हणून पुढं हिरवा, मागं दुसरा रंग किंवा नुसती काळी खाच. तीन, हत्यार रिकामं आहे याची दोनदा खात्री करून तुमच्या रोजच्या चष्म्यासह सांजेला बघा. दुकानाच्या ट्यूबलाईटखाली सगळंच छान दिसतं.

आणखी एक. आपल्याकडच्या बत्तीस बोअरच्या बऱ्याच रिव्हॉल्वरची माशी नळीसोबतच पक्की असते, बदलता येत नाही. कानस घेऊन घरी घासू नका, लेथवाल्या मित्राकडंही नेऊ नका. हत्याराचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडंच.

आता बिबट्याचं. बत्तीस बोअरच्या गोळीनं बिबट्या जागेवर पडेल या भ्रमात राहू नका. जखमी बिबट्या उसात शिरला की सकाळी तोडीला येणाऱ्या बाया आणि पोरं त्याच्या तावडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. जीवावर बेतलं तर स्वसंरक्षणाची वाट कायद्यात आहे, पण "काहीतरी हललं म्हणून झाडली" हे त्यात बसत नाही. शेतीसंरक्षणाचा म्हणून परवाना मिळतो, पण तो पिस्तुलाचा नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात त्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे.

मग बॅटरी कशी घ्यावी? माझा अनुभव सांगतो. दोन घ्या. एक डोक्याला बांधायची, पसरट उजेडाची. हात खोऱ्याला मोकळे राहतात आणि पायाखालची घोणस दिसते. रात्री दारं धरताना बिबट्याइतकीच तिचीही भीती असते. दुसरी हातातली, लांब झोत टाकणारी, उसाच्या कडेनं फिरवायला. खोक्यावरच्या लुमेनच्या आकड्यावर जाऊ नका. रात्री शेतात नेऊन शंभर पावलांवरचा माणूस ओळखू येतो का, ते बघा. पाण्यात पडून टिकते का, तेही बघा. बॅटरी हत्याराला जोडूनच घेतात काही जण. तसं केलं की जिकडं बघायचं तिकडं नळी रोखली जाते, मग समोर घरचा माणूस असो की सालगडी. बघायची बॅटरी वेगळीच हवी.

झोतात डोळे चमकले म्हणजे बिबट्याच, असंही नाही. कुत्रा, मांजर, शेळी, गाय, सगळ्यांचे चमकतात. माणसाचे तसे चमकत नाहीत, म्हणून डोळे दिसले नाहीत तर समोर माणूस असेल हे आधी मनात आणा. हाक मारा. "कोण हाय रं?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

बाकी आपल्याला माहीत आहे तेच. एकट्यानं जाऊ नका. बोलत जा, मोबाईलवर गाणी लावा. उसाच्या कडेला वाकून, उकिडवं बसून काम करू नका, बसलेला माणूस बिबट्याला छोटं जनावर वाटू शकतो. स्टार्टरच्या पेटीपाशी दिवा लावा. गोठा चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीनं बंद करा.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. शेतकरी रात्री दोनला उसात उभा का आहे? कारण लाईट रात्रीची येते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या पट्ट्यात माणसं गेली आहेत. सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज द्यायचं ठरलंय, ते आपल्या फिडरवर कधी येणार ते ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा. कृषी खात्यातले जे साहेब आणि ताई हे वाचतात, त्यांनाही विनंती. पाण्याच्या पाळ्या सांगताना घड्याळाकडंही बघा. रात्रीतली एक खेप ठिबक आणि ऑटो स्टार्टरवर टाकता आली, तरी एक माणूस घरात झोपेल.

दोस्तानं चहा संपवला आणि विचारलं, "मग माशी नको म्हणता?" मी म्हणालो, "घे की, हौस असली तर. पण आधी बॅटरी घे, आणि ती बांधावर ठेवू नको."