पंच हौदाचा चहा आठवतो, तिथल्या मुली का आठवत नाहीत?

पुण्याच्या पंच हौद मिशनचे नाव निघाले की आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला एकच गोष्ट आठवते. १८९० साली टिळक, रानडे आदी प्रतिष्ठित मंडळी तिथे गेली. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कुणी घेतली, कुणी तशीच ठेवली. तेवढ्यावरून सनातन्यांनी गहजब केला, ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली आणि प्रायश्चित्ताचा घोळ कित्येक दिवस पुरला. एका पेल्यातल्या या वादळावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. परंतु त्याच मिशनच्या भगिनी त्या काळात मुलींना शिकवत होत्या, त्या मुली कोण होत्या, कुठल्या वस्तीतून आल्या होत्या, पुढे त्यांचे काय झाले, हे विचारण्याची गरज आमच्या इतिहासकारांना वाटली नाही. पुरुषांच्या चहाचा इतिहास होतो. अनाथ, दुष्काळात सापडलेल्या आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या मुलींच्या पाटीचा होत नाही. हीच आपल्या इतिहासलेखनाची जात आहे.

पंच हौद मिशन हे इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे अँग्लिकन पंथाचे. इंग्लंडमधील वाँटेज गावच्या भगिनी १८७७ साली पुण्यात आल्या. नुकताच मोठा दुष्काळ पडला होता. पुण्याच्या छावणीत त्यांच्या हाती सेंट मेरीज ही १८६६ सालची इंग्रजी शाळा होती. ती प्रामुख्याने युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलींसाठी होती. शहरात पंच हौदाला एपिफनी ही दुसरी शाळा, एतद्देशीय मुलींसाठी. त्याच भगिनी, तीच प्रार्थना, तोच येशू. पण छावणीतली मुलगी पियानोपर्यंत जाई आणि शहरातली मुलगी शिवण, दळण, स्वयंपाक आणि फार झाले तर मास्तरीणपणापर्यंत. धर्म एक असला तरी वर्ग आणि वर्ण शाळेच्या फाटकातून आत येतात, हा धडा तिथेच मिळतो.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्या काळात आमच्या मुलीची सावलीही शाळेच्या ओट्यावर चालत नव्हती, त्या काळात तिच्या हातात पाटी देणाऱ्यांत मिशनऱ्यांचा वाटा होता. सावित्रीमाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फेरार यांच्याकडे. मुक्ता साळवे शिकली फुल्यांच्या शाळेत. पण या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली छापला तो मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’ने. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र ऋण मान्य करणे वेगळे आणि डोळे मिटून आरती ओवाळणे वेगळे.

आता आपल्या जालन्याकडे वळू. ‘जालना सोने का पालना’ असे आपण अभिमानाने म्हणतो. निजामाच्या राज्यातले हे गाव, जवळच हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. १८६० च्या दशकात इथे रेव्हरंड नारायण शेषाद्री आले. ते जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचा खटला त्याच वर्षी गाजला होता. त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातनी त्यांच्यावर तुटून पडले. नारायणराव मात्र परतले नाहीत. त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. तिथे आले ते मुख्यतः महार आणि मातंग. चर्च, शाळा, विहीर, शेती असा तो संसार होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःचे गाव मिळाले.

हे मिशन अँग्लिकन नव्हते, स्कॉटलंडच्या चर्चचे होते. अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी होती ती औरंगाबादला आणि नाशिकच्या शरणपूरला. परंतु २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात हे पंथ ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त एकत्र आले. म्हणजे आज पुण्याच्या पंच हौदाची आणि जालन्याच्या बेथेलची मुलगी एकाच चर्चची लेक आहे. एवढेच नव्हे, ती आपल्याही रक्ताची आहे. तिच्या पणजोबांनी आणि आपल्या पणजोबांनी एकाच वेशीबाहेर जोहार घातला होता. एकाने क्रूस धरला, दुसऱ्याने १९५६ नंतर बुद्धाला शरण जाऊन पंचशील स्वीकारले, हाच काय तो फरक.

मिशनच्या शाळेत गेल्यावर जात सुटली का? जाईबाई चौधरींना विचारा. नागपूरकडे हमाली करून, डोक्यावर ओझी वाहून जगणारी ही महार बाई. मिशनच्या मिस ग्रेगरी यांच्या मदतीने ती मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. पण बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली आणि जाईबाईंना नोकरी सोडावी लागली. त्या रडत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. दुसऱ्याच्या दारातून हाकलले तर आपले दार उभारायचे, ही आंबेडकरी चळवळीची रीत एका हमाल बाईने तेव्हाच दाखवून दिली.

पंडिता रमाबाईंचाही अनुभव पाहा. १८८३ साली त्या वाँटेजला गेल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुषांनाही शिकवावे अशी गोष्ट निघताच बिशप मंडळींनी नाके मुरडली. रमाबाईंनी डोके वापरणे सोडले नाही, भगिनींशी पत्रांतून वाद घातला. मात्र त्यांचे १८८९ चे शारदा सदनही सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांचेच होते. १८९६ च्या दुष्काळानंतर केडगावला सर्व जातींच्या मुलींना दार उघडले. दार उघडायला दुष्काळ पडावा लागला!

बाबासाहेबांनी हे सारे नेमके हेरले होते. मिशनऱ्यांनी आपली शक्ती आणि पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर आणि दवाखान्यांवर खर्च केला, धर्मांतरित अस्पृश्य मात्र जिथल्या तिथे राहिला, अशी स्पष्ट टीका त्यांनी केली. टीका करून ते थांबले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली मराठवाड्यात, औरंगाबादला महाविद्यालय उभे केले. जालना, अंबड, भोकरदनची पोरे तिथे शिकली म्हणून आज आपण लिहितो, वाचतो.

आता प्रश्न आजचा. गरिबांच्या लेकींसाठी काढलेल्या मिशनच्या अनेक जुन्या शाळा शहरांत श्रीमंतांच्या झाल्या आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ ने दुर्बल घटकांसाठी खाजगी शाळांत २५ टक्के जागा ठेवल्या. पण ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालाबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. अल्पसंख्याकांचे हक्क संविधानाने दिले आहेत आणि त्यांवर घाला घालणाऱ्यांच्या पंक्तीला आपण बसणार नाही. परंतु ज्या येशूच्या नावाने शाळा निघाली, त्याला कायद्याची सक्ती लागते काय? या संस्थांनी स्वतःहून चार बाके गरिबाच्या लेकीसाठी राखून ठेवावीत. अल्पसंख्याक हा दर्जा गरिबाला बाहेर ठेवण्यासाठी दिलेला नाही.

दुसरी मागणी. प्रत्येक जुन्या मिशन शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. मुलीचे नाव, बापाचा धंदा, गाव, शाळा सोडल्याचे कारण हे सारे त्यात असते. शताब्दीच्या स्मरणिकेत बिशप आणि मुख्याध्यापिकांचे फोटो छापतात, ही रजिस्टरे कपाटात वाळवी खाते. ती जपावीत, अभ्यासकांना दाखवावीत. आमच्या आज्या त्या पिवळ्या पानांत आहेत.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. २०२२ साली केंद्राने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आपल्याला हा हक्क मिळायला धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे लागली. मग बेथेलच्या भावाची मागणी आली की ‘आपला वाटा कमी होईल’ म्हणून आपण का गप्प बसतो? वाटा वाढवून मागण्याची लढाई एकत्र करता येते.

आणि शेवटी आरसा. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात स्त्रियांची साक्षरता सुमारे ६१ टक्के होती, महाराष्ट्राची सुमारे ७६. दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगीकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मुलगी आईबरोबर फडावर जाते, धाकट्याला सांभाळते, शाळेचे नाव पटावरच राहते. आपण नोकरदार मंडळी मात्र स्वतःच्या लेकीसाठी इंग्रजी शाळेच्या रांगेत उभे राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाठ फिरवतो. दीडशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडून आलेल्या बायांनी परक्याच्या पोरींना पाटी दिली, त्यात त्यांचा हेतू काहीही असो. जाईबाईंनी हमालीतून शाळा काढली. आपल्याला ना समुद्र ओलांडायचा आहे, ना ओझी वाहायची आहेत. यंदा आपल्या गावातून कारखान्यावर जाणारी एक मुलगी गावातच ठेवून घ्या, तिच्या राहण्या-जेवणाची सोय करा आणि तिचे नाव पटावरून खाली येऊ देऊ नका. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग यावर खर्च झाला तर बाबासाहेबांना अधिक आवडेल.

जय भीम!