सर्पविषावरची गोळी आणि डोंगरातली वाट

तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली, तेव्हा पुराने वेढलेल्या महाडच्या बाजूने मदतपथकांना तेथवर पोहोचणेही दुष्कर झाले होते. भातलावणीचे आणि सर्पदंशाचे दिवसही हेच. महाड-पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांतील दंशग्रस्ताचे जगणे-मरणे रुग्णालय गाठण्यास किती वेळ लागतो यावर ठरते. सर्पविषावर पोटात घेण्याजोग्या गोळीचा जो शोध सध्या चालू आहे, त्याचे मोल या वाटेवरच जोखले पाहिजे.

प्रचलित प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावर त्याला आजही पर्याय नाही. परंतु ते शिरेतून द्यावे लागते, त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते आणि म्हणून डॉक्टर जवळ असावा लागतो. वाडीवर तो नसतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती.

गोळीचा विचार या भागाला अपरिचित नाही. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून विंचूदंशाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध लाल विंचवाच्या दंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. प्राझोसिन विषाला मारीत नाही. विषामुळे हृदयावर व रक्तवाहिन्यांवर येणारा ताण ते उतरविते. महाडमध्येच झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विंचवाचे प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. गोळी व प्रतिविष यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानी घ्यावा.

सापाचे प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. हृदयविकारावर अपयशी ठरलेले व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध विषातील फॉस्फोलिपेज या विकराला निष्प्रभ करते. भारत व अमेरिकेतील रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. प्रतिविषाच्या जोडीला ही गोळी दिल्याने सरसकट लाभ झाल्याचे सिद्ध झाले नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत ती मिळालेल्यांत तेवढा अनुकूल कल दिसला. हा कल म्हणजे पुरावा नव्हे. कोकणातल्या फुरशाच्या विषात तर मुख्य मारा जस्तावर चालणाऱ्या निराळ्या विकरांचा असतो. त्यांच्यासाठी कर्करोगावर तपासून बाजूला पडलेले मारिमास्टॅट किंवा धातूंच्या विषबाधेवरचे युनिथिऑल यांचा विचार होत आहे. नागाच्या मज्जाविषाचा मोठा भाग विकरांचा नसल्याने तेथे यांपैकी एकही पुरेसे नाही. सर्व सापांवर एकच गोळी, ही भाषा तूर्त बाजारासाठी ठेवावी.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. त्या आराखड्यानुसार पुढील चाचण्या मोठ्या शहरांच्या रुग्णालयांतच झाल्या, तर रुग्ण पुन्हा उशिराच पोहोचतील आणि उत्तर पुन्हा संदिग्धच येईल. उपकेंद्रातील परिचारिकेने पहिली मात्रा द्यावी आणि मग रुग्णाला प्रतिविषासाठी महाडला हलवावे, या क्रमाने चाचणी आखली तरच गोळीची खरी परीक्षा होईल. तिची किंमतही त्या उपकेंद्राला परवडणारी असावी लागेल. प्राझोसिन खेड्यात टिकले ते स्वस्त होते म्हणूनही.