कॅरिबियन परवडेल, पण मे महिन्यात

12 एप्रिल 1976 रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर भारताने चौथ्या डावात 4 बाद 406 धावा करून वेस्ट इंडीजला हरवलं. त्या डावात मुंबईच्या सुनील गावसकरांच्या 102 धावा होत्या आणि कर्नाटकच्या गुंडाप्पा विश्वनाथांच्या 112. दोघे एकमेकांचे मेहुणे. बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी घरांमधल्या वडीलधाऱ्यांना त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका ही नावं पाठ झाली ती क्रिकेटमुळे. त्यांच्या मुलांना हीच बेटं माहीत आहेत ती क्रूझच्या आणि पाचतारांकित रिसॉर्टच्या जाहिरातींतून. म्हणून दोन्ही पिढ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं, की हे आपल्या खिशातलं काम नाही.

बेंगळुरूच्या हेब्बाळमध्ये राहणाऱ्यांना विमानतळ जवळ. वायू वज्र बस उड्डाणपुलाखालून थेट नेऊन सोडते. मुलांच्या परीक्षा संपत आल्या की इथल्या सोसायट्यांमध्ये बाली, फुकेत, मालदीवचे बेत शिजू लागतात. कुणी कॅरिबियनचं नाव काढलं, तर ‘तेवढ्यात युरोप होईल’ या एका वाक्यात विषय संपतो. तो इतक्या लवकर संपू नये.

विमानाचं तिकीट महाग आहे, हे आधीच मान्य करायला हवं. बेंगळुरूहून तिकडे थेट विमान नाही. लंडन, ॲमस्टरडॅम किंवा अमेरिकेतल्या एखाद्या शहरात विमान बदलावं लागतं आणि माणशी खर्च सहसा लाखाच्या पुढे जातो. पण सहल हाताबाहेर जाते ती बहुतेक वेळा तिकिटामुळे नव्हे. चुकीचा महिना, चार बेटं एका दमात बघण्याचा हट्ट आणि रिसॉर्टचं पॅकेज, या तिन्हींमुळे खर्च फुगतो.

महिन्याचंच पाहा. कॅरिबियनमधला महागडा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, कारण थंडीला कंटाळलेले अमेरिकी आणि युरोपीय पर्यटक तेव्हा तिथे उतरतात. ते परतले की खोल्यांचे दर खाली येतात. दुसरीकडे, अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत धरला जातो. मधे उरतात साधारण सहा आठवडे, एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे. नेमकी आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी! आपल्या दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीला हा योग साधत नाही. मे सरला की काय होऊ शकतं, ते भारतीय संघाने अनुभवलं आहे. 29 जून 2024 ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर ‘बेरिल’ चक्रीवादळामुळे विमानतळ बंद झाला आणि विजेता संघ हॉटेलात अडकून पडला. मायदेशी पोहोचायला 4 जुलै उजाडला, तोही खास विमानाने.

बेट मात्र एकच निवडावं. नकाशावर ही बेटं एकमेकांना खेटून दिसतात, पण त्यांच्यातली विमानं स्वस्त नाहीत. मराठी कुटुंबासाठी ते बेट त्रिनिदाद असावं आणि जोडीला त्याच देशातलं टोबॅगो. दोन्हींमध्ये सरकारी फेरीबोट चालते, त्यामुळे हा प्रवास खिशाला जड जात नाही. पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना या देशाचा व्हिसा लागत नाही.

त्रिनिदादच का? 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. आज तिथली एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या भारतीय वंशाची आहे आणि 30 मे ही सार्वजनिक सुट्टी असते. हे मजूर मुख्यतः भोजपुरी मुलखातले, पण त्यांनी नेलेलं जेवण मराठी जिभेला परकं वाटत नाही. ‘धालपुरी’ म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच. ‘डबल्स’ म्हणजे दोन मऊ, तळलेल्या पुऱ्यांमध्ये (‘बारा’) घातलेले मसालेदार छोले. रस्त्यावर, गरमागरम आणि पूर्ण शाकाहारी. रिसॉर्टच्या बुफेवर शाकाहारी माणूस पैसे मोजून फळं खातो. इथे गाडीवर त्याचं पोट भरतं.

बघण्यासारखंही पुष्कळ आहे. वॉटरलू गावी समुद्रात उभं असलेलं देऊळ मूळ शिवदास साधू या ऊसमजुराने बांधलं. जमिनीवर बांधलेलं आधीचं देऊळ साखर कंपनीची जागा म्हणून पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगातही जावं लागलं. मग त्याने पाण्यातच भराव घालून नवं उभारलं. या माणसाची गोष्ट मराठी मुलांना माहीत व्हायलाच हवी. कारोनीच्या खाजणात संध्याकाळी नावेतून लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे परतताना दिसतात. ग्रांद रिव्हिएर किनाऱ्यावर मे महिन्यात रात्री लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाहिलेल्यांनी कित्येक क्विंटल वजनाची ही मादी वाळू उकरताना एकदा बघावी. त्यासाठी परवाना आणि स्थानिक वाटाड्या लागतो. तो पैसा गावातच राहतो.

आता कटकटींचं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. मान्यता टेक पार्कमधल्या अनेकांकडे तो कामामुळे आधीच असतो, पण बायकोमुलांचाही आहे का, ते तिकिटाआधी तपासावं. लंडनमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसाची अट नीट वाचावी. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. लशीचं प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं.

सुरक्षिततेचा प्रश्नही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गुन्हेगारी टोळ्यांमुळे त्रिनिदादमध्ये डिसेंबर 2024 मध्ये आणि पुन्हा जुलै 2025 मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अंधार पडल्यावर भटकू नये आणि मुक्कामाचे जास्त दिवस तुलनेने शांत टोबॅगोला द्यावेत.

तिथे स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारी घरं आहेत. हेब्बाळच्या एकाच सोसायटीतल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून असं घर आणि एक गाडी घेतली, तर राहण्या-फिरण्याचा खर्च वाटला जाईल. लशीसाठी मार्चमध्येच वेळ घ्यावी, रजेचा अर्ज त्याच आठवड्यात टाकावा आणि परतीची तारीख शाळा उघडण्याआधीची धरावी.